लग्नामुळे स्थलांतर

हे सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. विसरलो होतो असं नाही. घरात विषय त्या बाजूला वळायला लागला की मी गुरांना पाणी दाखवायला उठायचो. पुढं गुरं राहिली नाहीत तेव्हा चष्मा शोधायला उठायचो. आता घरात बोलायला कुणी नाही, त्यामुळे उठायची गरज पडत नाही. बायको गेली. मुलं पुण्याला आहेत, ती रविवारी फोन करतात.

लिहायला बसलो ते भाचीमुळं. ती कळंबला राहते. अंगणवाडीची नोकरी संपवून घरी बसली आहे आणि आता आपल्या आईकडच्या घराचा इतिहास लिहिते आहे. तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण, आमची आक्का. ‘मामा, आईवर एक पान तुम्ही लिहून द्या,’ असं भाचीनं सांगितलं. मी एक पान लिहिलं. त्यात आक्काच्या हातची भाकरी होती, नदीच्या कडेच्या आमच्या तुकड्यात तिनं लावलेली शेवग्याची झाडं होती, तिचं मोठ्यानं हसणं होतं. एकही शब्द खोटा नव्हता. तरी ते पान मी फाडून टाकलं. हे दुसरं.

सुरुवात एका लग्नात झाली. आमच्या भाऊकीनं वंशावळ छापली होती आणि मांडवात ती सगळ्यांना वाटली जात होती. भाचीनं जेवता जेवताच ती उलगडली, बोट फिरवत फिरवत आमच्या वडिलांपाशी आली. वडिलांच्या खाली मी, माझ्या खाली माझी मुलं.

“मामा, ह्यात आई न्हाय.”

“वंशावळीत पोरींची नावं नसतात बाई.”

“मग कशात असतात?”

जन्मभर मी पोरांना प्रश्न विचारले, आता उत्तर शोधायची पाळी माझ्यावर आली. आक्का शाळेत गेली नव्हती, त्यामुळे हजेरीपटात ती नाही. तिचा जन्म कुणी नोंदवला नाही. लग्न झालं तेव्हा आमच्याकडं लग्न नोंदवायची रीत नव्हती. शेत आधी वडिलांच्या नावावर, मग माझ्या. अशी सगळी दारं मनात एकेक करून बंद होत गेली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मतदार यादीत असेल.”

बोललो आणि हातातला घास ताटात परत ठेवला. भाचीचा चेहरा मात्र उजळला.

“व्हय की! आई म्हणायची, म्या एकदा मत टाकलंय, बापाच्या नावानं टाकलंय. बायका हसायच्या तिला. मामा, आपण ती यादी हुडकू. तुम्ही मास्तर होतात, तुम्हाला ठाऊक असंल कुठं मिळती ते.”

मला ठाऊक होतं. गावातल्या मास्तरांनाच यादीचं काम असायचं.

तरी मी तिला आधी ग्रामपंचायतीत नेलं, कारण तिथं काही मिळणार नाही हे मला माहीत होतं. ग्रामसेवकानं कपाट उघडून दाखवलं. अलीकडच्या, फोटो छापलेल्या याद्या होत्या. त्याआधीचं काही नव्हतं. “जुनं वाळवीनं नेलं,” तो म्हणाला. मला सुटल्यासारखं झालं. भाची म्हणाली, “मग धाराशिवला जाऊ.”

दिवाळी होऊन गेली होती. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले होते. ती कळंबहून आली, मी तेरहून गेलो. जिल्ह्याच्या कचेरीत तिनं अर्ज दिला. निवडणुकीचं काम बघणारा कारकून हसऱ्या तोंडाचा होता.

“कोणत्या सालची यादी पाहिजे, आजोबा?”

“साल नीट आठवत नाही. माझ्या लग्नाच्या आधीची. आणि त्याच्या आधीचीही एक.”

“तुमच्या लग्नाची नोंद आमच्याकडं न्हाय वो. काहीतरी दुसरी खूण सांगा.”

शेजारच्या टेबलावरचे हसले. भाचीही हसली. मग त्यानंच समजावून सांगितलं की साल नसलं तरी चालेल, पण आपलं गाव त्या वेळी कोणत्या मतदारसंघात होतं आणि यादीच्या कितव्या भागात होतं ते सांगा. हद्दी बदलत गेल्या आहेत, आताच्या भागात शोधलं तर दुसऱ्याच गावाचे आजोबा सापडतील. ते मी सांगू शकत होतो. आमच्या गावाचा जुना भाग क्रमांक मला तोंडपाठ होता. भाचीनं माझ्याकडं कौतुकानं बघितलं.

पुन्हा एकदा खेप झाली. त्या खेपेला लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे टेबलावर आले. कागद पिवळे पडले होते आणि घडीवर तुटत होते. कारकुनानं सांगितलं, पान बोटानं उलटू नका, खालून हात घालून उचला. मतदार यादीला नावांचा क्रम नसतो, घरांचा असतो. गावात वेशीपासून चालत आलं की जशी घरं लागतात तशी ती कागदावर येतात. त्यामुळे मी वाचत नव्हतो, चालत होतो. कोपऱ्यावरचं वाण्याचं घर आलं. चावडी ओलांडली. ज्यांची घरं पडून तिथं बाभळी उगवल्या आहेत त्यांची नावं, वयं, बापांची नावं ओळीनं येत गेली. ती सगळी माणसं मी ओळखत होतो आणि त्यातलं एकही आता नव्हतं.

आमचं घर आलं. वडील. आई. आणि तिसऱ्या ओळीत आक्का. पती किंवा पित्याचं नाव लिहायच्या रकान्यात वडिलांचं नाव.

भाचीनं त्या ओळीवर बोट ठेवलं नाही, नुसतं जवळ धरलं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, “खोटं बोलत नव्हती बगा माझी आई.”

“न्हाय,” मी म्हणालो.

“आता पुढची बघू. जिच्यात आईचं नाव खोडलं, ती.”

कारकून दुसरा गठ्ठा आणायला गेला. तो येईपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. त्या वेळात मी बोलायला हवं होतं. काय येणार ते त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

आक्का लग्न होऊन गेली आणि थोड्याच वर्षांत काखेत पोरगी घेऊन परत आली. दाजींनी दुसरी बाई आणून ठेवली होती. वडिलांना वाटायचं, आज ना उद्या न्यायला येतील. म्हणून गावात सांगायचं ते एकच, माहेरपणाला आलीय. ते माहेरपण दिवाळीचं झालं, मग पंचमीचं, मग पुन्हा दिवाळीचं. पोरगी चालायला लागली, बोलायला लागली, तरी आक्का माहेरपणालाच होती. वडील गेले तरी ती माहेरपणालाच होती. वडील होते त्या काळात एक तलाठी यादी करायला आला आणि त्यानं कसलाही विचार न करता, घरात जी बाई दिसली ती लिहून टाकली. ती ही ओळ. त्या यादीवर आक्कानं शाळेत जाऊन मत टाकलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती शाई गेलेलं बोट निरखत असायची.

पुढच्या वेळेला यादी दुरुस्तीचं काम माझ्याकडं आलं. मी नवा मास्तर होतो, आणि माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. जुनी यादी आणि लाल शाईचा पेन घेऊन मी दारोदार फिरलो. मेलेल्यापुढं मयत, गाव सोडून गेलेल्यापुढं स्थलांतर. बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मग सासूनं सांगायचं, सासू नसली तर शेजारणीनं, तीही नसली तर एखादं लेकरू ओरडून सांगायचं आणि सगळे हसायचे. आमच्या घरी मी शेवटी आलो. आक्कानं चहा आणून ठेवला आणि उंबऱ्यात बसली.

“मागल्या टायमाला तलाठ्यानं बापाचं नाव लावलं हुतं. तेच राहू दे. त्या माणसाचं लावू नगंस.”

“बरं.”

“वाचून दाखव की.”

मी तिला तिची ओळ वाचून दाखवली. ती खूश झाली. संध्याकाळी नदीवर बायकांना सांगत होती, ह्या वक्ताला यादी आमच्या भावानं केलीय, कुणाचं नाव ऱ्हाणार न्हाय.

अडचण होती ती चावडीच्या भिंतीची. यादी तयार झाली की हरकतींसाठी ती चावडीच्या भिंतीला चिकटवत. येणारा जाणारा वाचायचा, ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. मुलीकडची माणसं आमचं घर बघायला यायची होती आणि त्यांना चावडीवरूनच यावं लागणार होतं. मुलीचे वडील शिकलेले, भिंतीवरचा कागद दिसला की चष्मा लावून उभे राहणारे. मध्यस्थाला मी सांगितलं होतं की बहीण सासरी सुखात आहे, सध्या माहेरपणाला आली आहे. आणि भिंतीवर ती आमच्या घरात, वडिलांच्या नावासकट लिहिलेली असणार होती. माहेरपणाला आलेल्या बाईचं नाव माहेरच्या यादीत कुणी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, पोरं अंगणात दंगा करत असताना, मी आक्काच्या नावावरून लाल रेघ मारली. कारणाच्या जागी लिहिलं, लग्नामुळे स्थलांतर. मग घंटा दिली आणि पाढे घ्यायला उभा राहिलो.

मला हे कुणी करायला सांगितलं नव्हतं. आईला यादीतलं काही कळत नव्हतं. पुढच्या खेपेला पुन्हा लिहू, एवढं स्वतःला सांगितलं. एका मतानं कुणाचं काय अडतंय, असंही सांगितलं.

कारकून गठ्ठा घेऊन आला. पुरवणी यादी शेवटी जोडलेली होती. भाचीनंच शोधली आणि मोठ्यानं वाचली, “लग्नामुळे स्थलांतर.” मग पुन्हा वाचली, हळू. माझी लाल शाई तिथं नव्हती. छापलेली काळी अक्षरं होती, आणि ज्यानं काम केलं त्याचं नाव यादीत छापत नाहीत.

“लग्न मोडून आल्याली बाई, आणि म्हणं लग्नामुळं गेली,” ती म्हणाली. “कोण आंधळा मास्तर हुता की!” मग जीभ चावून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुम्हाला न्हाय वं मामा. तुम्ही असतात तर असं झालं असतं का?”

कारकून म्हणाला, “काय सांगावं ताई, त्या काळात घरी न जाताच लिहायचे काही जण.”

“घरी गेला असंल तो,” मी म्हणालो. एवढंच म्हणालो. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. भाची दोन्ही पानांच्या प्रती मिळतील का, असं विचारत होती.

परतीची एसटी एकच होती. मी तेरला उतरणार, ती पुढं ढोकीला जाऊन कळंबची गाडी धरणार. आमच्या पुढं उसानं भरलेला ट्रॅक्टर होता, मागं दोन ट्रॉल्या जोडलेल्या, आणि ड्रायव्हरला तो ओलांडता येईना. गाडी रांगत होती. प्रतींची पिशवी भाचीनं मांडीवर घट्ट धरली होती.

“त्या मतदानाच्या दिशी मी आईच्या हाताला धरून रांगेत हुते, मामा. तुम्ही नव्हता.”

नव्हतो. मास्तरांना मतदानाच्या कामाला दुसऱ्या गावी पाठवत. मला ते बरंच वाटलं होतं.

“टेबलावरच्या माणसानं यादी बघितली आणि म्हणाला, ही बाई लग्न होऊन गेलीय. मागची एक म्हातारी वरडली, अगं, यादीत तू सासरी नांदायलीस, मग हितं कोण हुबी हाय, तुजं भूत का काय? समदी रांग हसली. मलाबी हसू आलं. लहान हुते ना. आईनं माझ्याकडं बघितलं, तवा थांबले.”

मी खिडकीबाहेर बघत होतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी घरी आलो तेव्हा आक्कानं आंघोळीला पाणी काढलं, भाकरी वाढली आणि समोर बसून म्हणाली होती, “माझं नाव सापडलं न्हाय रं. छापणाऱ्यानं गाळलं असंल.” ती माझ्याकडं बघत होती. मी भाकरीकडं बघून म्हणालो होतो, “असंल.” नाव खोडल्याचं कारण तिला मतदानाच्या टेबलावरच ऐकायला मिळालं होतं, हे मला बसमध्ये, म्हातारपणी कळलं. छापणाऱ्याचं नाव तिनं माझ्यासाठी पुढं केलं होतं. कबूल करायला जागा ठेवली असेल, किंवा सुटायला. मी सुटलो.

“आणि पुढं काय करायची ठाऊक हाय का?” भाची बोलतच होती. “मतदानाच्या दिशी सकाळीच बोटाला काजळ लावायची. डाव्या हाताच्या, नखापाशी. बायकांनी इचारू नये म्हणून. मला म्हणायची, कुणाला सांगू नगंस, मामालाबी न्हाय.”

एकाच घरात आम्ही सगळी वर्षं काढली. निवडणुका येत गेल्या. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी मी तिला खरंच म्हणालो होतो, आक्का, या वेळी नाव घालतो. ती धुणं पिळत होती. म्हणाली, “ऱ्हाऊ दे आता. न्हाय म्हणून काय अडलंय?” मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिला नको आहे, असं समजणं सोयीचं होतं. आणि त्यानंतर कुठल्याच मतदानाला मी तिच्या बोटाकडं बघितलं नाही. कुणाचं बोट काळं आहे, कुणाचं नाही, हे बघण्याचं काम मी दुसऱ्या गावांत करत होतो.

“मामा,” भाचीनं विचारलं, “आईला कधी कळलं का वं, कुणी खोडलं ते?”

ट्रॅक्टर एका बाजूला झाला होता. ड्रायव्हरनं गाडी जोरात काढली. मला वाटलं, आता. तोंड उघडलं.

“न्हाय,” मी म्हणालो. “न्हाय कळलं.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “उगं मनाला लागलं असतं.”

तेर आलं. तिनं एक प्रत माझ्या हातात ठेवली, वडिलांच्या नावाची ओळ असलेली, आणि खिडकीतून हात हलवत म्हणाली, पुस्तकात सगळ्यात आधी तुमचे आभार मानणार आहे. गाडी गेल्यावर मी स्टँडच्या बाकावर बसून राहिलो. गावाकडं जाणाऱ्या रिक्षावाल्यानं दोनदा हाक मारली.

माझ्या त्या लग्नाचंही सांगून टाकतो. ते जमलं. बायको चांगली मिळाली. लग्नानंतर काही महिन्यांनी, आक्का शेतात गेलेली असताना, मी चाचरत तिला सांगितलं की आक्का काही माहेरपणाला आलेली नाही. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “ठाऊक हाय. आमच्या आप्पांनी तेरच्या बाजारात समदं इचारून घेतलं हुतं. म्हणाले, बहिणीला सांभाळणारं घर हाय, तितं द्यायला हरकत न्हाय.” चावडीच्या भिंतीकडं त्यांनी बघितलंही नव्हतं. मी लाल रेघ कशासाठी मारली होती, हे त्या दिवशी मलाच सांगता आलं नसतं. म्हणून बायकोलाही सांगितलं नाही. पुढं त्या दोघी एका ताटात जेवायच्या. मी एकटा जेवायचो, आणि पुरुषांचं तसंच असतं असं समजायचो.

आक्का वारली ती आमच्या पुढच्या खोलीत. शेवटच्या आठवड्यात मी तिच्या बाजेजवळ खुर्ची टाकून बसायचो. बायको होती तेव्हा, ती औषधाला आत बाहेर करायची. एके दुपारी आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, “आक्का, एक सांगायचं हुतं.”

तिनं डोळे उघडले. नजर स्वच्छ होती. “सांग की.”

उन्हाची तिरीप तिच्या हातावर पडली होती. मी म्हणालो, “उद्या डॉक्टर येणार हायेत.”

ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “येऊ दे,” आणि विचारलं, “जेवलास का?”

भाचीनं मागितलेलं पान हे आहे. ती ते छापेल की नाही, माझ्याशी बोलेल की नाही, ते तिच्यावर. आईला कळलं नाही असं मी तिला बसमध्ये सांगितलं ते खोटं होतं, तेही या पानात आलं. ज्या माणसाला सांगायचं होतं ते आता नाही. पुढच्या खोलीत बाज तशीच आहे. खुर्ची तिथंच आहे. परवा दुपारी त्या खुर्चीत बसून मी प्रतीवरची ओळ मोठ्यानं वाचली, तिनं वाचून दाखव म्हटलं होतं तशी. त्याच्या पुढचं बोलायचं होतं ते बोललो नाही, म्हणून इथं लिहितो.

आक्का, तुझं नाव छापणाऱ्यानं गाळलं नव्हतं. मी खोडलं. तू कुठंच गेली नव्हतीस, हितंच होतीस, आणि ते सगळ्यात जास्त मला ठाऊक होतं. माझं चुकलं.